कलावंताच्या वतीने कोण? : मराठी प्रयोगकलांतील मध्यस्थ आणि प्रतिनिधी

१. प्रश्नाची मांडणी

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात नाटककार, नट, गायक, नेपथ्यकार आणि अलीकडच्या काळात प्रेक्षक यांचा विचार झालेला आहे. नाटक मंडळ्यांच्या मालकांविषयीही विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र कलावंत आणि त्याच्या कलेचा मोबदला देणारा यांच्या मधोमध जी व्यक्ती उभी असते, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. तमाशाच्या राहुटीत गावच्या पंचांशी घासाघीस करणारा, नाटकाच्या तारखा जमविणारा, चित्रसंस्थेशी करार ठरविणारा, मालिकेसाठी नटाचे नाव सुचविणारा अशी या व्यक्तीची अनेक रूपे आहेत. या सर्वांना व्यवहारात सरसकट 'एजंट' किंवा 'मध्यस्थ' म्हटले जाते. परंतु मध्ये असणे आणि कुणाच्या तरी वतीने असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे मराठी प्रयोगकलांतील काही प्रमुख व्यवस्थांचे परीक्षण करावयाचे आहे. या व्यवस्थांत मध्यस्थ नेहमीच होता, परंतु कलावंताचा प्रतिनिधी बहुधा नव्हता. या अनुपस्थितीचा परिणाम केवळ अर्थव्यवहारापुरता मर्यादित राहिला नाही. मंडळ्यांची घडण, कलावंतांची आत्मकथने आणि 'निष्ठा', 'कृतघ्नता' यांसारखी आपल्या रंगभूमीची नैतिक परिभाषा यांवरही तिचा ठसा उमटलेला आहे.

२. संज्ञाविचार आणि तीन कसोट्या

मध्यस्थीच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. 'दलाल' हा दोन पक्षांची गाठ घालून देतो व व्यवहार पुरा होताच बाजूला होतो. तो तत्त्वतः कोणत्याच पक्षाचा नसतो. 'मुखत्यार' हा एका पक्षाच्या वतीने बोलतो आणि त्याने दिलेला शब्द त्या पक्षाला बांधतो. 'ठेकेदार' हा स्वतःच खरेदीदार असतो. तो काम ठराविक रकमेला उचलतो आणि नफातोटा स्वतः सोसतो. 'मुकादम' माणसे जमवितो, त्यांना आगाऊ रक्कम देतो आणि काम करून घेण्याची हमी वर देतो. 'अडत्या' हा शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने विकतो खरा, परंतु पुष्कळदा तोच शेतकऱ्याचा सावकारही असतो. अडत्याचे हे दुहेरी रूप पुढील विवेचनात विशेष उपयोगी पडणारे आहे.

कायद्याच्या भाषेत या प्रश्नाची व्यवस्थित मांडणी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात आढळते. या प्रकरणात अभिकर्ता आणि ज्याच्या वतीने तो वागतो ती मूळ व्यक्ती यांचे परस्परसंबंध कलम १८२ पासून कलम २३८ पर्यंत सांगितले आहेत. मूळ व्यक्तीने मागणी करताच अभिकर्त्याने हिशेब दिला पाहिजे (कलम २१३). मूळ व्यक्तीच्या संमतीवाचून अभिकर्ता त्याच व्यवहारात स्वतःसाठी उतरला, तर मूळ व्यक्तीला तो व्यवहार नाकारण्याचा किंवा त्यातील लाभ मागण्याचा मार्ग खुला राहतो (कलम २१५ व २१६). दिलेला अधिकार मूळ व्यक्ती सामान्यतः काढून घेऊ शकते. मात्र व्यवहाराच्या विषयवस्तूतच अभिकर्त्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल, तर त्याला बाधा येईल अशा रीतीने अधिकार संपुष्टात आणता येत नाही (कलम २०२).

या तरतुदींवरून प्रातिनिधिकतेच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली नेमणुकीची : मध्यस्थाला नेमण्याचा व दूर करण्याचा अधिकार कलावंताकडे आहे काय? दुसरी हिशेबाची : किती रक्कम ठरली, किती मिळाली, किती वजा झाली हे कलावंताला कळते काय? तिसरी हितसंबंधांची : मध्यस्थाचा स्वार्थ समोरच्या पक्षातही गुंतलेला आहे काय? या कसोट्यांना उतरणारा मध्यस्थच कलावंताच्या वतीने 'नाही' म्हणू शकतो. प्रतिनिधीचे मोल काम मिळवून देण्याच्या क्षमतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या नकाराच्या क्षमतेत असते.

हा पेच केवळ मराठी रंगभूमीचा नाही, हे ध्यानात यावे म्हणून अमेरिकेचा अनुभव थोडक्यात नोंदविणे इष्ट ठरेल. कलावंतांच्या व्यावसायिक प्रतिनिधित्वाची संस्था तेथे ठळकपणे विकसित झाली. विल्यम मॉरिस यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे व्होडव्हिल या विविधरंजनाच्या प्रकारातील कलावंतांसाठी आपली संस्था काढली. परंतु त्याच काळात नाट्यगृहांचे मालकही नोंदणी कार्यालये उभारीत होते. कीथ आणि ऑल्बी यांच्या प्रभावाखालील 'युनायटेड बुकिंग ऑफिस' १९०६ मध्ये सुरू झाले. ते कलावंतांना मालकांच्याच नाट्यगृहांत काम देई आणि त्याबद्दल कलावंताच्या मोबदल्यातून पाच टक्के कापून घेई. अशा कपातीविरुद्ध 'व्हाइट रॅट्स' या कलावंतांच्या संघटनेने १९०१ मध्येच संप केला होता. पुढे १९६२ मध्ये, एकाच वेळी कलावंतांची प्रतिनिधी व चित्रनिर्मितीत गुंतलेली अशी एमसीए ही बलाढ्य संस्था सरकारी कारवाईमुळे प्रतिनिधित्वाचा व्यवसाय सोडण्यास बाध्य झाली. प्रतिनिधींनीच निर्मितीसंस्थांकडून शुल्क घ्यावे काय, या प्रश्नावर तेथील पटकथालेखकांनी २०१९ मध्ये आपल्या प्रतिनिधींशी संबंध तोडले आणि तो वाद २०२१ पर्यंत चालला. प्रतिनिधित्वाची संस्था असणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे. मात्र ती असली की प्रश्न उघडपणे विचारता येतो आणि त्यावर सामूहिक कृती करता येते, एवढा निष्कर्ष यातून निघतो.

३. तमाशा : सुपारी आणि उचल

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथील व्यवहारांना जोर येतो. चैत्र-वैशाखात ज्या गावांची ग्रामदैवताची यात्रा असते, त्या गावांचे पंच या राहुट्यांतून हिंडतात, फडाची ख्याती व रिकाम्या तारखा विचारतात, रकमेची घासाघीस करतात आणि विसार देऊन खेळ पक्का करतात. या व्यवहाराला 'सुपारी' असे म्हणतात. विडा-सुपारी देऊन काम पक्के करण्याच्या लोकरूढीशी या शब्दाचे नाते स्पष्ट आहे. तंबू ठोकून तिकिटावर केलेला खेळ आणि सुपारीचा खेळ हे तमाशाच्या अर्थकारणाचे दोन आधार होत.

सुपारीचा व्यवहार वरवर पाहता आदर्श वाटावा असा आहे. खरेदीदार आणि विक्रेता समोरासमोर बसतात व दर उघडपणे ठरतो. परंतु राहुटीत बसलेला फडमालक कोणाच्या वतीने बोलत असतो, हा प्रश्न विचारताच चित्र बदलते. गावापुढे तो संपूर्ण फडाचा प्रतिनिधी असतो. सोंगाड्या, नर्तकी, ढोलकीवादक, हलगीवादक, गायक, तंबू उभारणारे कामगार व वाहनचालक अशी शंभराच्या आसपास माणसे मोठ्या फडात असतात आणि त्या सर्वांचे पोट सुपारीच्या रकमेवर अवलंबून असते. तथापि या माणसांनी त्याला नेमलेले नसते. उलट त्यानेच त्यांना हंगामासाठी बांधून घेतलेले असते. या बांधून घेण्याचे साधन म्हणजे 'उचल'.

उचल ही हंगामापूर्वी कलावंताला दिलेली आगाऊ रक्कम होय. तीतून पावसाळ्यातील रिकामे महिने, घरातील लग्नकार्ये व आजारपणे निभावली जातात. हंगामात ती पगारातून फिटते. फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते आणि बाकी असलेला कलावंत दुसऱ्या फडात जाऊ पाहील तर ती रक्कम नव्या मालकाने चुकती करावी लागते. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाने दिलेली उचल आणि ही उचल यांचे साम्य ग्रामीण महाराष्ट्राशी परिचित असलेल्या कोणाच्याही ध्यानात येईल. करार अधिनियमाच्या कलम २०२ मागील तत्त्व येथे दृष्टांत म्हणून आठवते. मध्यस्थाचे येणे व्यवहारातच गुंतले की त्याला दूर करण्याचा अधिकार क्षीण होतो. फडमालक कलावंताचा विक्रेता आहे, धनी आहे आणि सावकारही आहे. या तीन भूमिका एका ठिकाणी आल्या म्हणजे प्रतिनिधीची चौथी भूमिका तेथे राहू शकत नाही.

तथापि फडमालकाला खलपुरुष ठरविणे सोपे आणि चुकीचे होईल. पुष्कळ फडमालक स्वतः कलावंत आहेत अथवा कलावंतांच्या घराण्यांतून आलेले आहेत. ज्या कलावंताला बँक कर्ज देत नाही त्याला अडचणीत पैसा देणारा दुसरा कोणी नसतो. मालक स्वतःही उचल वाटण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा सुपाऱ्या बंद झाल्या, पण आधी दिलेल्या उचलींचा व घेतलेल्या कर्जांचा बोजा तसाच राहिला. संकट मालक व कलावंत या दोघांवरही कोसळले. मात्र कलावंताच्या वतीने शासनाशी, सावकाराशी किंवा मालकाशी बोलण्यास नेमलेला असा स्वतंत्र आवाज त्या वेळी त्याच्याजवळ नव्हता. मालकपण लाभले तरी सुरक्षितता लाभतेच असे नाही, याचे उदाहरण विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या जीवनात दिसते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचा अखेरचा काळ आर्थिक विवंचनेत गेला.

संगीत बारीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे मध्यस्थ पुष्कळदा घरातलाच असतो. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर घरातील पुरुषांचा अधिकार कसा गृहीत धरला जातो, याचे विदारक दर्शन घडते. तिची किंमत ठरविणारे तिचे आप्त असतात, परंतु ठरविताना तिला विचारणे आवश्यक मानले जात नाही. रक्ताचे नाते हे प्रतिनिधित्वाचे प्रमाणपत्र नव्हे, हा या आत्मकथनातून मिळणारा धडा पुढे चित्रपटक्षेत्राचा विचार करताना पुन्हा आठवावा लागेल.

४. नाटक मंडळी : फुटून निघणे हाच करार

सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने नाट्यप्रयोग केला. १८५१ मध्ये आश्रयदात्याचे निधन झाल्यावर मंडळी गावोगाव फिरू लागली. राजाश्रयाकडून तिकिटाकडे झालेल्या या स्थित्यंतरात मंडळीचा मालक ही संस्था आकाराला आली. पुढे १८८० मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. मंडळीत मालक अथवा भागीदार आणि पगारी नट असे दोन स्तर असत. नटांचा मुक्काम, भोजन, तालीम व प्रवास सर्व मंडळीबरोबर होई. मंडळीचा व्यवस्थापक पुढच्या गावी आधी जाऊन नाट्यगृह व बिऱ्हाडाची सोय पाही, जाहिराती लावी. परंतु तो मालकाचा माणूस असे. नट आणि मालक यांच्यात काही बिनसले तर नटाच्या बाजूने बोलणारा कोणी नसे.

अशा स्थितीत नटाजवळ वाटाघाटीचे एकच प्रभावी साधन उरते. ते म्हणजे बाहेर पडणे. मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो काळ या दृष्टीने पाहिला असता मंडळ्या फुटण्याचा काळही दिसतो. केशवराव भोसले यांनी स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडून १९०८ मध्ये ललितकलादर्शची स्थापना केली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. गंधर्व मंडळीतूनही पुढे टेंबे व बोडस बाहेर पडले.

या घटनांमागे कलाविषयक मतभेद, व्यक्तिगत रुसवेफुगवे, महत्त्वाकांक्षा अशी अनेक कारणे होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि प्रत्येक घटनेची घडण एकसारखी आहे. नटाचे मोल वाढते, ते मोल मंडळीच्या रचनेत सामावले जात नाही, त्यावर चर्चा करण्यास मान्यताप्राप्त मार्ग नसतो आणि शेवटी नट मालक होतो. जेथे प्रतिनिधी असतो तेथे असा प्रसंग वेतनवाढीच्या, भागीदारीच्या किंवा भूमिकांच्या वाटपाच्या वाटाघाटीने मिटू शकतो. जेथे तो नसतो तेथे वाटाघाट म्हणजे फाटाफूट. त्या अर्थी मंडळ्यांच्या फाटाफुटीचा इतिहास हा प्रतिनिधीवाचून झालेल्या वाटाघाटींचा इतिहास आहे, असे विधान करण्यास प्रत्यवाय नसावा.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. एक म्हणजे, नट मालक झाल्यावर त्याला कलेबरोबर कर्ज, भाडे, पगार व मालमत्ता यांचा भार वाहावा लागला. बालगंधर्वांच्या मंडळीचे वैभव व तिचे कर्ज ही दोन्ही मराठी रसिकांच्या स्मृतीत एकत्रच नांदतात. उंची वस्त्रे, अत्तरे आणि भव्य नेपथ्य यांवरील खर्चाला त्यांच्याच हिताच्या दृष्टीने अधिकाराने 'नाही' म्हणणारे कोणी असते तर काय झाले असते, हा प्रश्न निव्वळ कल्पनेचा म्हणून सोडून देता येत नाही. दुसरे म्हणजे, ज्यांना मालक होणे शक्य नव्हते अशा दुय्यम नटांना, साथीदारांना व रंगमंचामागील कामगारांना फुटून निघण्याचे हे शस्त्रही उपलब्ध नव्हते.

या संदर्भात ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग उद्बोधक ठरतो. केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर आले, ते आपापल्या मंडळीचे धनी म्हणून, बरोबरीच्या नात्याने. अशी बरोबरी पगारी नटाच्या वाट्याला येण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

नटांच्या आत्मकथनांची भाषाही या रचनेतून घडली. गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' यांसारखे ग्रंथ वाचताना व्यावसायिक मतभेदांना सतत नैतिक रंग चढलेला जाणवतो. मालकाचे औदार्य, नटाचा स्वाभिमान, खाल्ल्या मिठाची जाण, झालेला अपमान अशा कोटींतून व्यवहार सांगितला जातो. याला लेखकांचा व्यक्तिगत स्वभाव जबाबदार आहे असे मानण्याऐवजी व्यवहाराला स्वतंत्र भाषा आणि स्वतंत्र प्रवक्ता नसल्याचा हा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. करारावरील वाद सांगण्यास शब्द नसले की तो नात्यातील दुरावा म्हणूनच सांगावा लागतो.

५. चित्रसंस्था : उपोषण आणि आत्मकथन

बोलपटाच्या आगमनानंतर कलावंत मंडळीच्या बिऱ्हाडातून चित्रसंस्थेच्या आवारात आला. १९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात फिल्म कंपनी ही या नव्या व्यवस्थेचा उत्तम नमुना होय. येथे मासिक वेतन होते, लेखी करार होता, शिस्त होती. मालकी मात्र भागीदारांची होती आणि कलावंत करारबद्ध नोकर होता. मंडळीतील नटाजवळ फुटून निघण्याचा मार्ग होता. लेखी कराराने तो मार्गही बंद केला.

या कोंडीचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण शांता आपटे यांचे आहे. 'कुंकू'मधील नीरेच्या भूमिकेने देशभर गाजलेल्या या अभिनेत्रीने जुलै १९३९ मध्ये प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. वाद करार व वेतन यांविषयीचा होता. त्यातील कोणाची बाजू कितपत बरोबर होती, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या कलावतीला आपले म्हणणे मांडण्यासाठी राजकीय चळवळीतील शस्त्र उसने घ्यावे लागले. वाटाघाटीची वाट नसल्यामुळे तिने स्वतःचे शरीरच प्रवेशद्वारापाशी आणून बसविले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रव्यवसायाकडे श्रम, थकवा आणि मोबदला यांच्या दृष्टीने पाहणारे हे मराठीतील फार लवकरचे लेखन होय. नैतिकतेच्या भाषेऐवजी व्यवहाराची भाषा वापरण्याचा हा प्रयत्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत आजवर उपेक्षित राहिला, याचे आश्चर्य वाटते.

दुसरे उदाहरण हंसा वाडकर यांचे. त्यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले व त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' हा चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटातील पती हाच नायिकेचा व्यवहार पाहणारा असतो. तो तिच्यासाठी कामे ठरवितो, पैशाची बोलणी करतो आणि त्याच कमाईवर घर चालते. तीन कसोट्या लावून पाहिल्यास, त्याला तिने नेमलेले नाही, हिशेब तिच्या हाती नाही आणि तिने काम थांबवू नये यातच त्याचा स्वार्थ आहे. तिला थांबावेसे वाटते, तेव्हा तिच्या वतीने 'नाही' म्हणण्याचे काम ज्याच्याकडे असावयाचे, तोच पुढील कामाचा करार घेऊन येतो. आत्मकथनात ही कैफियत एका स्त्रीच्या विस्कटलेल्या संसाराची कहाणी म्हणून वाचली गेली. ती एका श्रमिकाची, प्रतिनिधी नाकारला गेलेल्या कलावंताची कहाणीही आहे, ही बाजू वाचकांच्या आणि समीक्षकांच्या नजरेतून निसटली.

६. 'नाईट' आणि तारखा

मंडळ्या मोडल्यानंतर व्यावसायिक रंगभूमीवर हळूहळू 'नाईट'ची पद्धत रूढ झाली. दुपारच्या प्रयोगाचे मानधनही 'नाईट' या नावानेच ओळखले जावे, यावरून हा शब्द किती मुरला हे कळते. या पद्धतीत नट कोणत्याही एका संस्थेचा राहिला नाही. तो प्रयोगागणिक मोबदला घेऊ लागला, एकाच वेळी अनेक संस्थांच्या नाटकांत कामे करू लागला. निर्माता, नाट्यगृह आणि बाहेरगावी प्रयोग ठराविक रकमेला विकत घेणारा ठेकेदार असे व्यवहाराचे तीन बिंदू निर्माण झाले. या तिन्हींना सांधणारा म्हणून नाट्यव्यवस्थापक महत्त्वाचा ठरला. दादरचे शिवाजी मंदिर, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) यांसारख्या नाट्यगृहांच्या तारखा हीच रंगभूमीची खरी संपत्ती झाली आणि तारखा जमविणाऱ्याचे वजन वाढले.

नटाला स्वातंत्र्य मिळाले, हे निश्चित. उचलीचे किंवा दीर्घ कराराचे ओझे कमी झाले. परंतु या स्वातंत्र्याबरोबर आजारपण, प्रयोग रद्द होणे, वार्धक्य यांची जबाबदारी पूर्णपणे त्याच्यावर आली. मंडळीचे बिऱ्हाड गेले, तसा आश्रयही गेला. व्यवस्थापक हा निर्मात्याकडून मोबदला घेतो आणि प्रयोग लागण्यात त्याचे हित असते. नट त्याच्याशी मैत्रीच्या नात्याने बोलतो, अडचण सांगतो, कधी रक्कम वाढवून मागतो. हा संबंध पुष्कळदा स्नेहाचा व परस्परविश्वासाचा असतो. तथापि स्नेह हा वैयक्तिक गुण आहे, व्यवस्थेचा गुण नाही. स्नेह आटला की नटाजवळ काही उरत नाही.

७. आजची स्थिती

१९९९ पासून खाजगी मराठी दूरचित्रवाणी वाहिन्यांचा विस्तार होत गेला आणि मालिकांनी कलावंतांना नियमित काम दिले. समन्वयक, भूमिकांसाठी निवड करणारा कास्टिंग दिग्दर्शक आणि कलावंत-व्यवस्थापन करणाऱ्या संस्था ही मध्यस्थांची नवी रूपे याच काळात परिचयाची झाली. यांतील कास्टिंग दिग्दर्शक हा निर्मात्याच्या वतीने काम करतो. ते त्याचे उघड व न्याय्य कार्य आहे. मात्र नवोदित कलावंत त्यालाच आपला हितकर्ता समजतो, तेव्हा गफलत होते. समन्वयक कलावंताच्या मोबदल्यातून टक्केवारी घेतो, पण त्याला काम निर्मितीसंस्थांकडून कळते, म्हणून त्यांना दुखविणे त्याला परवडत नाही. अडत्याचे दुहेरी रूप येथे पुन्हा प्रकट होते. व्यवस्थापन-संस्था कलावंताने नेमलेली व त्याला हिशेब देणारी असेल, तर ती प्रतिनिधित्वाच्या सर्वांत जवळ जाते. परंतु तीच संस्था निर्मितीत किंवा कार्यक्रमांच्या आयोजनात उतरली, तर तिसरी कसोटी धोक्यात येते.

कायद्याने काही अधिकार दिले आहेत. स्वामित्व हक्क अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या हक्कांना स्थान मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या नैतिक अधिकारांना मान्यता मिळाली. परंतु हक्क कागदावर असणे आणि प्रत्यक्ष करारात त्यांचा आग्रह धरणे यांत अंतर आहे. ते अंतर कापण्यासाठी कलावंताच्या बाजूला जाणकार व्यक्ती बसलेली असावी लागते. जो कलावंत प्रसिद्ध आहे त्याला ती परवडते. जो प्रसिद्ध नाही, त्याला तिची अधिक गरज असते आणि ती त्याच्या आवाक्याबाहेर असते. तमाशातील हलगीवादकाच्या बाबतीत तर हा प्रश्न अद्याप विचारलाही गेलेला नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात.

(१) मराठी प्रयोगकलांत मध्यस्थांची परंपरा समृद्ध आहे. परंतु ते प्रामुख्याने खरेदीदाराच्या, भांडवलाच्या किंवा कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले. कलावंताने नेमलेला, कलावंताला हिशेब देणारा व हितविरोधापासून मुक्त असा प्रतिनिधी अपवादानेच आढळतो.

(२) या अनुपस्थितीमुळे प्रत्येक व्यवस्थेत कलावंताने वेगळा मार्ग चोखाळला. नाटक मंडळीतील नट फुटून निघाला व मालक झाला, चित्रसंस्थेतील अभिनेत्री उपोषणाला बसली, 'नाईट'वरचा नट स्नेहावर विसंबला. तमाशातील कलावंताला उचलीमुळे यांपैकी कोणताही मार्ग सहज उपलब्ध नव्हता.

(३) नट-नटींच्या आत्मकथनांतील निष्ठा, अपमान, कृतघ्नता यांची परिभाषा केवळ भावनिक नाही. तिच्यामागे व्यवहाराची दडलेली रचना आहे. या ग्रंथांचे अध्यापन करताना कोणी नेमले, हिशेब कोणाकडे होता, स्वार्थ कोठे गुंतला होता, हे तीन प्रश्न संहितेला विचारल्यास परिचित प्रसंगांचे नवे अर्थ लागू शकतात.

(४) प्रतिनिधी हा कला आणि रसिक यांच्यामधला अडसर आहे, हा समज रूढ आहे. तो दलालाविषयीच्या अनुभवातून आलेला असल्याने समजण्याजोगा आहे. परंतु दलाल आणि मुखत्यार यांत भेद केला नाही, तर दलालीच्या रागापोटी कलावंताला एकाकी ठेवण्याचे समर्थन होते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, फडांतील उचलींच्या नोंदी आणि चित्रसंस्थांचे करारनामे ही सामग्री नाट्यसंहितांइतकीच मोलाची मानावी लागेल. ती वेगाने नष्ट होत आहे. घराघरांतील ट्रंकांत व राहुट्यांतील वह्यांत ती जोवर शिल्लक आहे, तोवर महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या परिसरात तिचा शोध घेणे हे या अभ्यासाचे पहिले पाऊल ठरेल.